खेळातली टोळी: ढालवाली, मंतरवाली, टेहळणीवाली आणि औषधवाली

आज बियाण्याचं बोलायचं नाही की कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज खेळाचं बोलायचं आहे. "ह्या बायांना काही काम न्हाई का?" असं घरातलं कुणी म्हणालं तर त्यांनाही रेडिओजवळ बसवा.

झालं असं. आमच्या गटात एक आजी आहेत. लेक-सून दिवाळी झाली की कारखान्याला जातात, नातू आजीजवळ राहतो. मागच्या हंगामात एका रात्री अकरा वाजता नातू बाजेवरून ओरडला, "मी पडलोय! हीलर कुठंय? उठव की मला!" आजी अंधारात बॅटरी घेऊन धावल्या. बघतात तर पोरगा मजेत पाय पसरून मोबाइलवर बसलेला. "आज्जे, मी न्हाई पडलो. माझा गडी पडलाय खेळात."

आजींनी हे बैठकीत सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मग दोघी-तिघींनी आपापल्या घरच्या तक्रारी काढल्या. रात्रभर हेच चालतं, मोबाइल हिसकावला तर लेकरू जेवत नाही, शाळेत पेंगतं. सचिव ताई म्हणाल्या, "हिसकावण्याच्या आधी हे आहे तरी काय, ते बघू. आपल्याला कळतच नसेल तर कोणत्या तोंडानं बोलायचं?" तसं त्या नातवालाच रविवारी बोलावलं. तो वही, पेन्सिल आणि एक छापील नियमांचा गठ्ठा घेऊन आला. त्यानं मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाला, "हे कागदावरबी खेळता येतं." मग आम्ही सलग चार रविवार खेळलो. त्या चार रविवारांत जे कळलं ते आज सांगतो.

आधी हा खेळ कोणता ते. आपण लहानपणी भातुकली खेळलो. एक आई व्हायची, एक बाबा, एक पाहुणी. कुणी हरत नव्हतं, कुणी जिंकत नव्हतं. त्या भातुकलीला नियम लावा, फासे द्या, राक्षस आणि खजिना घाला, की हा खेळ झाला. कागदावरचा असा पहिला छापील खेळ अमेरिकेत १९७४ साली आला. त्याचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे तळघरं आणि अग्निसर्प. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. मोबाइलवर आणि संगणकावर आज टोळी करून खेळायचे जे अद्भुत खेळ आहेत, त्यांतल्या पुष्कळांचं मूळ तिथं सापडतं.

खेळताना एकजण गोष्ट सांगतो. "तुम्ही पडक्या गढीसमोर उभ्या आहात. दार बंद आहे. आतून कण्हण्याचा आवाज येतोय." बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमलं की नाही ते फासा ठरवतो. ह्या खेळाचा फासा वीस बाजूंचा असतो. तो आपल्याकडं कुठं मिळणार? आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या, घडी घालून स्टीलच्या डब्यात टाकल्या. चिठ्ठी काढायची, वाचायची, परत डब्यात टाकून हलवायची. काम तेच होतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खेळाडू एकमेकींच्या विरुद्ध नसतात. तरलो तर सगळ्या, बुडालो तरी सगळ्या.

पहिल्या रविवारी आम्ही बुडालो. पाचजणी होतो आणि पाचहीजणींनी तलवारवाली व्हायचं ठरवलं. कुणाला मागं राहायचंच नव्हतं. आयुष्यभर मागंच राहिलो, एक दिवस तरी पुढं होऊ, असं एक मावशी म्हणाल्या आणि सगळ्यांना पटलं. गढीचं दार कुलूपबंद. कुलूप कुणालाच उघडता येईना, म्हणून तोडलं. त्या आवाजानं आतले चार खुजे राक्षस जागे झाले. पायाखाली खड्डा झाकलेला होता, तो कुणाला दिसला नाही, दोघी त्यात पडल्या. उरलेल्या तिघी तीन वेगळ्या राक्षसांवर धावल्या. पाच मिनिटांत पाची आडव्या. पोरगा शांतपणे म्हणाला, "बिल्डच चुकलं."

बिल्ड म्हणजे पात्राची घडण. प्रत्येक पात्राला सहा गुण असतात. इंग्रजी नावं मुलांना पाठ आहेत, आम्ही आपली नावं ठेवली: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, जाण आणि वाचा. बुद्धी म्हणजे शिकून आलेली, पुस्तकातली. जाण म्हणजे न सांगता ओळखायची, तोंडावरून, वासावरून, आवाजावरून. सासूला सुनेच्या चालण्यावरून ताप कळतो ती जाण. वाचा म्हणजे बोलून माणूस वळवायची ताकद. नियमांत तो गुण रूपाचा नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्यातल्या दोघींनी "आम्ही काय देखण्या न्हाई" म्हणून तिथं कमी आकडा लिहिला होता. बँकेत जाऊन साहेबाला वाट बघायला लावणारी आमची अध्यक्षबाई आठवा, म्हणजे वाचा कळेल.

आता आकडे. २०१४ सालच्या नियमावलीत एक सोपी रीत दिली आहे: १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे सहा आकडे सहा गुणांना वाटून द्यायचे. कुठला कुठं, ते आपण ठरवायचं. दहा म्हणजे साधारण माणूस. दहाच्या वर दर दोन अंकांना चिठ्ठीत एक मिळवायचा, खाली गेलं की वजा. म्हणजे १४ आणि १५ ला अधिक दोन, १२ आणि १३ ला अधिक एक, दहाला काही नाही, आठला उणे एक. शिवाय ज्या कामात पात्र तरबेज आहे तिथं सुरुवातीला आणखी दोन मिळतात.

हे कोरडं वाटतं, म्हणून हिशेब करून दाखवतो. खुज्या राक्षसाला लागायचं तर चिठ्ठी आणि गुण मिळून १५ यावे लागतात. ताकद १५ असलेल्या तलवारवालीला दोन आणि दोन, चार मिळतात. तिला चिठ्ठी ११ किंवा वरची हवी. वीसपैकी दहा चिठ्ठ्या तिच्या. ताकद ८ असलेलीनं तीच तलवार उचलली तर तिला एकच मिळतो, म्हणून चिठ्ठी १४ किंवा वरची हवी. वीसपैकी सातच चिठ्ठ्या तिच्या. एक गुण वाढला की एक चिठ्ठी वाढते, शंभरात पाच. एका फटक्याला हा फरक जाणवत नाही. पण गढी उतरेपर्यंत तीस-चाळीस चिठ्ठ्या निघतात, आणि तिथं तो दिसतो.

मग सगळं सारखं वाटून १२-१२-१२ केलं तर? आम्हीही हेच विचारलं, बायकांना सारखं वाटायची सवय असते. एकटीनं फिरायचं असेल तर ते चालेलही. टोळीत ते तोट्याचं, कारण तुझं उणं भरून काढायला शेजारी दुसरी उभी आहे. तुला कुलूप नाही उघडता आलं तरी चालतं, ती उघडेल. तू तुझं एक काम असं कर की त्यात तुझा हात कुणी धरू नये. एकाच गुणावर मात्र कुणी कंजुषी करू नका, तो म्हणजे काटकपणा. त्यावर जीव ठरतो. पहिल्या पातळीवर तलवारवालीचा जीव १० अधिक काटकपणाचा आकडा, मंतरवालीचा फक्त ६ अधिक तोच. ज्या मंतरवालीनं काटकपणात आठ लिहिले तिचा जीव पाच. खुजा राक्षस एका फटक्यात साधारण पाच काढतो. म्हणजे झालंच.

टोळीत कामं चार. पहिली ढालवाली. पोरं तिला टँक म्हणतात. आम्हाला वाटलं टाकी, आणि मराठवाड्यात टँकर म्हटलं की आधी पाणीच आठवतं. पण हा टँक म्हणजे रणगाडा. जाड चिलखत, मोठी ढाल, दारात उभी राहायची आणि मार आपल्याकडं ओढून घ्यायची. तिनं किती राक्षस मारले ते मोजायचं नसतं. तिच्या मागं किती जणी उभ्या राहिल्या ते मोजायचं. तिला ताकद आणि काटकपणा.

दुसरी टेहळणीवाली. सगळ्यांच्या पुढं दबकत जाऊन खड्डा, कुलूप, झोपलेला पहारेकरी बघून यायचं. तिला चपळाई. हिचा एक नियम आम्हाला फार आवडला. ज्या राक्षसाशेजारी आपली दुसरी कुणी उभी आहे, त्याच राक्षसावर हिचा घाव जास्त खोल जातो. एकटी गेली तर बहुतेकदा साधा वार. म्हणजे ढालवाली नुसती शेजारी उभी राहिली तरी तिनं अर्धं काम केलेलं असतं.

तिसरी मंतरवाली. इथं थोडं थांबतो, कारण गटात लगेच कुजबुज झाली. हा मंतर कागदावरचा आहे, त्याचा अंगारा-धुपाऱ्याशी संबंध नाही, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे तो सगळ्यांना ठाऊक असू द्या. खेळातली मंतरवाली म्हणजे शिकलेली बाई. तिला बुद्धी लागते. तिच्याकडं पहिल्या पातळीवर दोनच मोठे मंतर असतात. संपले की विश्रांतीशिवाय परत येत नाहीत. आमच्या मंतरवालीनं दुसऱ्या रविवारी दोन्ही मंतर दारातच एका उंदरावर उडवले. मोठा उंदीर होता, हे खरं. पण आत राक्षस आला तेव्हा तिच्या हाती काठी उरली होती.

चौथी औषधवाली, म्हणजेच ती हीलर. तिला जाण. हिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून इथं जरा बसून बोलतो.

पहिला गैरसमज असा की तिनं सतत सगळ्यांना मलमपट्टी करत राहायचं. हिशेब बघा. २०१४ च्या नियमांत सुरुवातीची औषधवाली एका खेपेला सात-आठ जीव परत देते. मोठा राक्षस एका फटक्यात साधारण तेरा काढतो. ती भरत राहील, तो सांडत राहील, आणि भांडं रिकामंच राहील. तिचेही मोठे मंतर दिवसाला दोनच. म्हणून जाणती औषधवाली आधी मार कमी कसा होईल ते बघते: राक्षस लवकर पाडायला मदत करते, आणि कुणी खाली पडली तरच औषध काढते. ह्या खेळात जीव शून्यावर आला की पात्र लगेच मरत नाही, बेशुद्ध पडतं. आपली पाळी आली की चिठ्ठी काढायची. दहा किंवा वर आली तर एक खूण जगण्याची, खाली आली तर एक खूण मरण्याची. तीन खुणा ज्या बाजूला आधी होतील तिकडं निकाल. पण मध्येच कुणी एक थेंब जरी औषध दिलं, तरी ती उठून उभी राहते आणि पुढच्या पाळीला वार करते. पोरगं रात्री ओरडत होतं ते ह्यासाठी. कबड्डीत आपण त्यांचा एक बाद केला की आपला एक आत येतो, तसं हे समजा. बाद झालेला गडी परत मिळणं ह्यावर अख्खा डाव फिरतो.

दुसरी गोष्ट गैरसमजाची नाही, सवयीची आहे. आम्ही खेळतो हे कळल्यावर दहावीतली एक मुलगी आमच्याकडं यायला लागली. ती भावाच्या दोस्तांबरोबर मोबाइलवर असाच खेळ खेळते. तिला तिथं कायम हीलरच करतात. "तू पोरगी, तू माघारी राहून बरं कर." टोळी जिंकली तर नाव तलवारवाल्याचं, हरली तर "हीलर झोपली होती." तिला टेहळणीवाली व्हायचं होतं. आमच्यातल्या एकीनं ऐकून नुसतं एवढंच म्हटलं, "खेळातबी तेच का गं?"

मैत्रिणींनो, ऊसतोडीला गेलेल्यांना हे सांगायला नको. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. एकटी बाई गेली तर ती अर्धा कोयता. ऊस तोडायला दोघं, पण वाढे काढून मोळी बांधायची, डोक्यावर उचलायची, फळीवरून चढून गाडीत भरायची, आणि तिथून कोपीवर येऊन चूल पेटवायची, ह्यातलं किती कुणाच्या वाट्याला येतं ते आपल्याला माहीत आहे. उचल बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावावर लिहिली जाते. खेळाच्या कागदावर एक वेगळी गोष्ट आम्हाला दिसली. तिथं प्रत्येकीचा एक पूर्ण कागद असतो, वर तिचं नाव, खाली तिचे सहा आकडे. औषधवाली अर्धी नसते.

म्हणून आमच्या टोळीत आम्ही एक नियम केला. दर रविवारी भूमिका फिरते. मागच्या वेळची औषधवाली ह्या वेळी ढाल घेते. त्यानं घडण थोडी कच्ची राहते, हे मान्य. चार रविवार एकच काम केलेली जास्त तरबेज होते. पण दुसरीच्या जागी उभं राहिल्याशिवाय तिच्या हातून काय सुटतं आणि का सुटतं, ते कळत नाही. मुलांचं ह्यावर म्हणणं वेगळं आहे, ते म्हणतात मेन बदलायचा नसतो. मेन म्हणजे आपलं नेहमीचं पात्र. आम्ही आमचं चालू ठेवलं. त्या दहावीतल्या मुलीला टेहळणीवाली केलं आणि तिनं गढीचं कुलूप पहिल्याच चिठ्ठीत काढलं.

आणखी एक. औषध एकाच पिशवीत ठेवू नका. औषधवालीच पडली तर तिला उठवणार कोण? खेळात औषधाच्या कुप्या विकत मिळतात. एक तरी दुसरीच्या कमरेला असू द्या. हे आम्हाला दुसऱ्या रविवारी कळलं, सगळ्यांसमोर औषधवाली पडल्यावर.

आता लढायचं कसं ते. घडण कितीही चांगली असली तरी डावपेच नसले तर पहिल्या रविवारची गत होते. तीन डावपेच सांगतो.

एक, सगळ्यांनी मिळून एकाच राक्षसाला मारायचं. हे डोक्यात बसायला वेळ लागतो, कारण अंगावर जो येईल त्याला आपण मारतो. पाटीवर हिशेब मांडू. चार राक्षस आहेत, प्रत्येकाचा जीव दहा. आपण सगळ्या मिळून एका फेरीत दहा जीव काढतो आणि पहिली पाळी आपली. सगळ्यांनी एकावरच वार केला, तर पहिल्या फेरीत एक मेला, उरलेल्या तिघांचे तीन फटके बसले. दुसऱ्या फेरीत दोन फटके, तिसऱ्या फेरीत एक, चौथ्यात शून्य. एकूण सहा. आता तेच दहा जीव चौघांत वाटून काढले, प्रत्येकाचे अडीच. तीन फेऱ्या चौघंही उभे. चार, चार, चार, असे बारा फटके बसले, आणि चौथ्या फेरीत चौघं एकदम पडले. वेळ तेवढाच लागला, श्रमही तेवढेच, पण मार दुप्पट खाल्ला. का? तर राक्षसाचा जीव अर्धा झाला म्हणून त्याचा हात अर्धा होत नाही. एक जीव उरलेला राक्षसही पूर्ण ताकदीनं मारतो. आमच्या खजिनदार बाई हे ऐकून म्हणाल्या, "चार सावकारांना थोडं थोडं देत बसण्यापेक्षा एकाचं मिटवून टाकावं, तसं हे." अगदी तसंच नाही, व्याजाचा दर बघावा लागतो. पण त्यांना कळलं ते बरोबर कळलं.

दोन, टोळी फोडायची नाही. "तुम्ही दोघी त्या खोलीत बघा, आम्ही इकडं बघतो," असं म्हणालात की गोष्ट सांगणारा गालात हसतो. राक्षस टोळीच्या मानानं योजलेले असतात, अर्ध्या टोळीच्या मानानं नाही. आणि ह्याचं उदाहरण शोधायला आपल्याला अमेरिकेत जायला नको. आपल्याच गेवराई तालुक्यात, गोदाकाठी राक्षसभुवन आहे. शनीच्या दर्शनाला आपण जातो ते. १० ऑगस्ट १७६३ ला तिथं मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. श्रावण-भाद्रपदाचे दिवस, गोदावरी भरलेली. निजाम अलीनं फौजेचा एक भाग घेऊन नदी ओलांडली, आणि दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह अलीकडच्या काठावर राहिला. माधवराव पेशव्यांचं वय तेव्हा अवघं अठरा. मराठ्यांनी अलीकडच्या अर्ध्या फौजेला गाठलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. मधे पूर असल्यानं निजामाला पलीकडून येऊन त्याला वाचवता आलं नाही. नातवानं हे शाळेत वाचलं होतं, पण खेळाशी कधी जोडलं नव्हतं. आता तो टोळी फुटायला लागली की ओरडतो, "राक्षसभुवन होईल!"

तीन, जागा बघून उभं राहायचं. मोकळ्या अंगणात चार राक्षस चारी बाजूंनी येतात. दारात ढालवाली उभी केली तर एका वेळी एकच तिच्यापर्यंत पोचतो, फार तर दोन. मागून मंतरवाली आणि गोफणवाली आपलं काम करतात. राखणीला गेलेल्या बाईला हे वेगळं शिकवायला नको, बांधाच्या कुठल्या कोपऱ्यावर उभं राहिलं की अर्ध्याच रानाकडं बघावं लागतं, ते तिला कळतं.

आणि पळणं. पळणं हाही डावपेचच आहे, पण त्याची खूण आधी ठरवलेली हवी. आमची खूण अशी: दोघी पडल्या आणि औषध संपलं की पाटील बाई "चला" म्हणतील, आणि मग कुणी वाद घालायचा नाही. पडलेलीला उचलून न्यायचं काम कुणाचं, तेही आधीच ठरतं. तिसऱ्या रविवारी आम्ही असं पळालो, जिवंत राहिलो, आणि चौथ्या रविवारी त्याच गढीत परत गेलो. ह्या वेळी टेहळणीवालीनं खड्डा आधीच पाहिला, ढालवालीनं दार धरलं, मंतर मोठ्या राक्षसापर्यंत राखून ठेवले. तो पडला. एक मावशी पण मेल्या. तीन चिठ्ठ्या ओळीनं दहाच्या खाली आल्या, औषधवाली दोन पावलं लांब होती. पात्र कागदावरचं, पण त्या संध्याकाळी मावशी खरंच गप्प होत्या. पुढच्या वेळी त्यांनी नवा कागद केला आणि वर आपल्या आईचं नाव लिहिलं.

लूट कशी वाटायची ह्यावर आमचं जेवढं भांडण झालं तेवढं राक्षसाशी झालं नाही. नाणी सारखी वाटली, तिथं वाद नाही. चिलखत एकच निघालं. सारखं वाटायचं तर विकून पैसे करायचे. पण ते ढालवालीला दिलं तर सगळ्याच जगतात. शेवटी तिलाच दिलं, आणि तिच्या वाट्याची नाणी कमी केली. त्याच आठवड्यात आजींच्या सुनेचा कोपीवरून फोन आला, तेव्हा आजींनी हे सगळं तिला ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या टोळीत मुकादम कोण असतो?" आजी म्हणाल्या, मुकादम नसतो. सून म्हणाली, "मग मलाबी एक कागद करून ठिवा, मी पाडव्याला येते."

मोबाइलवरच्या खेळाचं थोडक्यात सांगतो. डावपेच तिथंही हेच आहेत. संगणकावर २००४ पासून चाललेल्या एका प्रसिद्ध खेळात पाचांच्या टोळीचा ठरलेला साचाच आहे, एक टँक, एक हीलर, तीन मारणारे. पण तिथं तीन गोष्टी बघाव्या लागतात, त्या कागदावर नसतात. एक म्हणजे पैसा. तलवार, पोशाख, नशिबाची पेटी, असं काही ना काही विकत घ्यायला लावतात. आमच्यातल्या एकीच्या खात्यातून असे पैसे गेले, कारण पिन लेकराला पाठ होता. पिन आजच बदला, आणि खेळाच्या दुकानाला खातं जोडलेलं असेल तर काढून टाका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ त्यानं बंद केले. नुसत्या करमणुकीच्या खेळांवर बंदी नाही, त्यामुळं पोरगं खेळतंय म्हणजे गुन्हा करतंय असं समजू नका. फसवून पैसे गेले तर १९३० ह्या नंबरवर लगेच फोन करा, उशीर केला तर पैसे अडवणं अवघड होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे टोळीतली माणसं. कागदाच्या खेळात समोर बसलेली असतात. मोबाइलवर आवाज फक्त येतो. तुझ्या टोळीत कोण कोण आहे, हे लेकराला सहज विचारा, जेवताना. आता आपल्याला टँक आणि हीलर कळतात, त्यामुळं ते सांगतं. आजींच्या नातवानं सांगितलं. चौघं गावचे, एक कुठला ते त्यालाही माहीत नव्हतं. त्या पाचव्याला घराचा पत्ता, शाळेचं नाव, फोटो द्यायचा नाही, एवढं त्यानं स्वतःच ठरवलं. तिसरी गोष्ट वेळ. टोळीचा खेळ मध्येच सोडला की बाकीचे मरतात, म्हणून "आत्ता ठेव" म्हटलं की पोरं चिडतात. "हा डाव संपला की ठेव, दुसरा लावायचा न्हाई," असं म्हणून बघा. आजींकडं साडेनऊची वेळ ठरली आहे. रोज पाळली जाते असं नाही.

ज्या गटांना कागदावर खेळून बघायचं आहे त्यांच्यासाठी सामान सांगून ठेवतो. एक डबा, वीस चिठ्ठ्या, प्रत्येकीला वहीचं एक पान आणि खोडता येईल अशी पेन्सिल, कारण जीव सारखा कमी-जास्त होतो. गोष्ट सांगायला पहिल्यांदा घरातलं एखादं पोर बसवा, त्याला नियम ठाऊक असतात आणि आज्या-मावश्यांना राक्षसाच्या तोंडी देताना त्याला फार मजा येते. पहिली लढाई लहान ठेवा, पाचजणींना तीन खुजे राक्षस पुरे. गढीऐवजी बारव घ्या, डोंगरातली कपार घ्या, ओळखीची जागा असली की बोलणं सुचतं. दोन तास लागतात. चहा आधीच करून ठेवा, मध्ये कुणी उठलं की टोळी फुटते.